एकमेकांना ऐकणारे संगीत : पोस्ट-रॉकच्या अभ्यासाकडे आणि पहिल्या अल्बमकडे

प्रस्तावना

१

पोस्ट-रॉक समजून घेऊ पाहणारा अभ्यासक आणि मित्रांना जमवून ते वाजवू पाहणारा वादक, या दोघांसाठी हे पुस्तक लिहिले आहे. एरवी हे दोघे निरनिराळी पुस्तके वाचतात. अभ्यासकाला इतिहास आणि समीक्षा हवी असते. वादकाला पेडल, माइक आणि स्टुडिओचे भाडे यांची माहिती हवी असते. या संगीतात मात्र दोघांचे प्रश्न एका जागी येऊन मिळतात. पंधरा-वीस मिनिटांची ही रचना नक्की कोणी रचली? ती इतकी सावकाश का वाढते? बहुतेक वेळा शब्द नाहीत, पुढे उभा राहणारा गायक नाही, मग ऐकणाऱ्याला धरून ठेवणारे त्यात काय आहे?

या प्रश्नांची उत्तरे स्वरलेखनाच्या कागदावर शोधायला जावे, तर असा कागद बहुधा नसतोच. उत्तरे मिळतात ती सरावाच्या खोलीत, जुन्या टेपांमध्ये, ध्वनिमुद्रणाच्या वेळी कोण कोणाच्या समोर बसले होते यात आणि एकाने वाजवलेले दुसऱ्याने कसे उचलले यात. म्हणून या पुस्तकाचा मुख्य विचार सुरुवातीलाच सांगतो. पोस्ट-रॉकमध्ये मैत्री ही कामाची पद्धत आहे. चार-पाच माणसे पुष्कळ काळ एकमेकांना ऐकत राहतात, त्या ऐकण्यातून रचना आकार घेते आणि ध्वनिमुद्रण हे तिचे लेखन ठरते. हे मान्य केले की इतिहास आणि हस्तकौशल्य वेगवेगळे शिकता येत नाहीत.

२

विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी थोडा नकाशा. ‘पोस्ट-रॉक’ ही संज्ञा रूढ झाली ती ब्रिटिश समीक्षक सायमन रेनल्ड्स यांच्या लेखनामुळे. १९९४ च्या मार्चमध्ये ‘मोजो’ मासिकात बार्क सायकोसिस या लंडनच्या बँडच्या ‘हेक्स’ या अल्बमचे परीक्षण करताना त्यांनी ती वापरली आणि त्याच वर्षी मे महिन्यात ‘द वायर’ मासिकातल्या लेखात तिची मांडणी केली. रॉकचीच वाद्ये घ्यायची, पण त्यांच्याकडून रॉकचे नेहमीचे काम करून घ्यायचे नाही. गिटारचा उपयोग ठसठशीत धून आणि दणदणीत कॉर्ड यांच्यापेक्षा नादाचा पोत विणण्यासाठी करायचा, असा त्या मांडणीचा गाभा होता. ‘हेक्स’चा पुष्कळसा भाग पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये ध्वनिमुद्रित झाला. या शैलीचा विचार करताना खोलीपासून सुरुवात करावी लागते, त्याचे हे पहिले उदाहरण.

पुढच्या दशकात या नावाखाली फार वेगवेगळे लोक आले. शिकागोचा टॉर्टॉइज हा बँड जॅझ, डब आणि मिनिमलिस्ट संगीताकडे झुकलेला. व्हायब्राफोन आणि दोन-दोन बेस गिटार ही त्यांची ओळख. ग्लासगोचा मोग्वाय शांतता आणि कान बधिर करणारा आवाज यांच्यामधल्या अंतरावर उभा. मॉन्ट्रियलचा गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर व्हायोलिन, चेलो, गिटार आणि १६ मिलिमीटर फिल्मचे प्रोजेक्टर घेऊन रंगमंचावर येणारा मोठा ताफा. आइसलँडच्या सिगुर रोसमध्ये योन्सी चेलोच्या गजाने गिटार वाजवतो आणि काही गाण्यांत कोणत्याही भाषेचे नसलेले उच्चार गातो. एवढी विविधता एका नावाखाली बसवताना वाद होणारच, आणि अनेक बँडनी हे नाव स्वतःला लावून घेण्यास नकार दिला आहे. अभ्यासकाने त्या नकाराचा मान ठेवावा. त्याच वेळी या सर्वांच्या कामाच्या रीतीत काय समान आहे, हे पाहत राहावे.

३

ती रीत एकाएकी आली नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या कान या बँडने कोलोनजवळच्या वायलरस्विस्ट गावातले जुने सिनेमागृह आपला स्टुडिओ केले. तिथे ते तासन्तास एकत्र वाजवत, सगळे टेपवर घेत आणि बेसवादक होल्गर चुकाय त्या टेपा कापून-जोडून त्यातून रचना काढी. अमेरिकेत माइल्स डेव्हिसच्या १९६९ च्या ‘इन अ सायलेंट वे’साठी निर्माते टेओ मॅसेरो यांनी अशीच टेपची कापाकापी केली होती. म्हणजे आधी एकत्र वाजवणे आणि मग ऐकून निवडणे, हा क्रम पोस्ट-रॉकच्या बराच आधी सिद्ध झाला होता.

त्याचा सर्वांत कसोशीचा प्रयोग टॉक टॉकने केला. सिंथ-पॉपमध्ये यश मिळवलेल्या या इंग्लिश बँडच्या मार्क हॉलिसने निर्माता टिम फ्रीज-ग्रीन आणि ध्वनिमुद्रक फिल ब्राउन यांच्यासह लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत ‘स्पिरिट ऑफ ईडन’ (१९८८) आणि ‘लाफिंग स्टॉक’ (१९९१) हे अल्बम केले. खोली जवळजवळ अंधारी ठेवलेली, भिंतींवर प्रोजेक्टरचे हलते रंग. वादकांना बोलवायचे, मोकळेपणाने वाजवू द्यायचे, त्यातले बहुतेक सगळे टाकून द्यायचे आणि उरलेल्या मोजक्या सुरांना योग्य जागी ठेवायचे. एका हार्मोनिकाचा किंवा ट्रम्पेटचा छोटासा उद्गार त्या अल्बममध्ये एवढा जड वाटतो, कारण त्यामागे टाकून दिलेल्या कितीतरी तासांचे वजन असते. नव्या वादकाने इथून घेण्यासारखा धडा हाच आहे : ध्वनिमुद्रण म्हणजे साठवण, आणि रचना म्हणजे त्या साठवणीतून केलेली निवड.

४

मैत्रीचा मुद्दा सर्वांत स्वच्छ दिसतो तो केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात. स्लिंट बँडचे ब्रायन मॅकमॅहन आणि ब्रिट वॉलफर्ड लहानपणापासूनचे मित्र. डेव्हिड पाहो आणि टॉड ब्रॅशियर यांच्यासह ते वॉलफर्डच्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात सराव करीत. १९९० च्या ऑगस्टमध्ये, विशीच्या आसपासच्या या मुलांनी शिकागोत ब्रायन पॉल्सन या ध्वनिमुद्रकाबरोबर मोजक्या दिवसांत ‘स्पायडरलँड’ ध्वनिमुद्रित केला. स्टुडिओत एवढे कमी दिवस पुरले, कारण खरे काम तळघरात आधीच झाले होते. विषम मात्रांचे आवर्तन चौघांच्या अंगात इतके मुरले होते की कोणालाही मोजावे लागत नव्हते. १९९१ मध्ये अल्बम आला तोवर बँड मोडला होता. सहा ट्रॅकच्या या अल्बमचा त्या वेळी फारसा गाजावाजा झाला नाही; पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मात्र गिटार घेऊन बसणाऱ्या असंख्य तरुणांनी तो पाठ केला.

त्याचे मुखपृष्ठही पाहण्यासारखे आहे. दगडाच्या खाणीत साठलेल्या पाण्यात चौघे उतरले आहेत, फक्त डोकी पाण्याबाहेर. छायाचित्र काढले त्यांचाच मित्र विल ओल्डहॅमने, जो पुढे स्वतः मोठा गायक-गीतकार झाला. अल्बमच्या आत आणि बाहेर जे काही आहे ते एकाच मित्रवर्तुळातून आलेले आहे.

अशी वर्तुळे निरनिराळ्या रीतींनी तयार झाली. टेक्ससच्या ऑस्टिनमध्ये ड्रमर ख्रिस ह्रॅस्कीने आपल्याला कोणत्या मनोवृत्तीचा बँड हवा आहे हे लिहिलेला कागद रेकॉर्डच्या दुकानात लावला. त्याला उत्तर दिले मिडलँड गावातून आलेल्या तीन मित्रांनी, आणि १९९९ मध्ये एक्स्प्लोजन्स इन द स्काय उभा राहिला. पाच वर्षांनी या चौघांनी ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ या चित्रपटाला संगीत दिले. त्याची कथा मिडलँडच्या शेजारच्या ओडेसा शहरात घडते. आपण वाढलो त्या सपाट, कोरड्या मुलखाचा आवाज मिडलँडच्या तिघा मित्रांना आधीपासूनच ठाऊक होता.

मॉन्ट्रियलमध्ये वर्तुळ आणखी मोठे झाले. तिथे नव्वदीच्या दशकात माइल एंडसारख्या भागात भाडी कमी होती, मोठ्या जागा मिळत होत्या. गॉडस्पीडचा पहिला विनाइल अल्बम १९९७ मध्ये कॉन्स्टेलेशन या तेव्हा नुकत्याच सुरू झालेल्या छोट्या कंपनीने काढला. पहिल्या ५०० प्रतींची पाकिटे हाताने जोडलेली. आत छापील कागद आणि रेल्वेच्या चाकाखाली चपटे केलेले एक सेंटचे नाणे. रेकॉर्डच्या शेवटची खाच अशी कोरलेली की सुई उचलेपर्यंत आवाज फिरत राहतो. संगीत, वेष्टन आणि विक्री ही सगळी कामे ओळखीच्या हातांनी केली की त्यांचा स्वभाव एकच राहतो, हे त्या प्रतींतून कळते.

५

मराठी वाचकाचा कान या संगीताला परका नाही, असे मला मनापासून वाटते. विलंबित ख्यालात बढत ऐकण्याची ज्याला सवय आहे, त्याला पहिल्या पाच मिनिटांत ‘काही घडत नाही’ अशी तक्रार करावीशी वाटत नाही. आलापात आणि तराण्यात अर्थवाही शब्दाशिवाय भाव उभा राहतो, हेही त्याने अनुभवलेले असते. ही सवय पोस्ट-रॉक ऐकताना फार उपयोगी पडते.

पण साम्य इथवरच धरावे. ख्यालाची बढत एका रागाच्या शिस्तीत होते. गायक एकेक स्वर उलगडतो आणि ऐकणारा त्या रागाचे रूप मनात जुळवत जातो. पोस्ट-रॉकमध्ये स्वरसामग्री पुष्कळदा फार तुटपुंजी असते, दोन किंवा चार कॉर्ड, तेही फिरून फिरून. वाढते ती घनता. एका गिटारवर दुसरी चढते, ड्रमर टॉमवरून झांजांकडे जातो, बेस एक सप्तक खाली उतरतो, आवाजाची पातळी चढते. ख्यालात एक कलावंत साथीदारांच्या आधाराने पुढे जातो. इथे कोणीच पुढे जात नाही, सगळे मिळून वर चढतात. हा फरक नीट ध्यानात ठेवला तरच तुलना फलदायी होते.

भारतात ही वाट चालून दाखवणारे बँड आहेत. अहमदाबादेत २०१३ मध्ये सुरू झालेल्या ॲझवीकीपसर्चिंगने ‘ख्वाब’ (२०१५), ‘झिया’ (२०१७) आणि ‘रूह’ (२०१९) असे अल्बम केले आणि परदेशातही श्रोते मिळवले. पुण्यात २०१० पासून सुरू झालेल्या एनएच७ वीकेंडरसारख्या महोत्सवांनी स्वतःची रचना वाजवणाऱ्या बँडना मोठ्या मैदानातले श्रोते दिले. मुंबई-पुण्यातल्या वादकांची खरी अडचण जागेची आहे. सोसायटीच्या फ्लॅटमध्ये ड्रम वाजवता येत नाहीत, जॅम रूम तासाच्या भाड्याने घ्यावी लागते, आणि सावकाश वाढणाऱ्या संगीताला तासाचे भाडे परवडत नाही. म्हणून सुरुवातीला सरावाचा मोठा भाग हलक्या आवाजात, घरी, पॅडवर आणि हेडफोनवर करावा. एकमेकांना ऐकण्याची सवय मोठ्या आवाजाशिवायही लागते, किंबहुना अधिक चांगली लागते.

६

सुरुवात करणाऱ्यांसाठी पुस्तकाचा दुसरा भाग आहे. त्यातला एक नमुना इथे देतो, म्हणजे पुढे काय वाढून ठेवले आहे याची कल्पना येईल.

या शैलीतला गिटारवादक डिले पेडलवर फार विसंबून असतो. पेडल वाजवलेला सूर ठरावीक वेळाने पुन्हा ऐकवते. समजा, लय मिनिटाला १०० ठोक्यांची आहे. म्हणजे एक ठोका ६०० मिलिसेकंदांचा. पेडलवर पाऊण ठोक्याचा, म्हणजे ४५० मिलिसेकंदांचा डिले लावला आणि हाताने साधे अर्ध्या ठोक्याचे सूर वाजवत राहिले, तर प्रत्येक प्रतिध्वनी दोन सुरांच्या बरोबर मधोमध पडतो. हाताने वाजवलेले आणि पेडलने परतवलेले सूर मिळून पाव ठोक्याची दाट वीण तयार होते. ऐकणाऱ्याला वाटते, दोन गिटार वाजत आहेत.

आता उत्साहाच्या भरात ड्रमरची लय १०४ वर गेली, तर पाऊण ठोका सुमारे ४३३ मिलिसेकंदांचा होतो. पेडल आपले ४५० च धरून बसते. प्रत्येक प्रतिध्वनी १७ मिलिसेकंद मागे पडू लागतो आणि वीण विस्कटते. पेडल कोणाचेच ऐकत नाही, म्हणून ड्रमरने पेडलचे ऐकायचे असते. त्यासाठी गिटारचा अँप ड्रमरच्या कानाशी हवा. सरावाच्या खोलीत कोणी कुठे उभे राहायचे, हा प्रश्न असा थेट रचनेचा होऊन जातो. नवे बँड पहिल्या दिवशी सगळे अँप भिंतीला लावून श्रोत्यांकडे तोंड करतात. त्याऐवजी वर्तुळ करावे. या संगीताचे पहिले श्रोते तुम्हीच आहात.

याच भागात सरावाच्या नोंदींचा आग्रह धरला आहे. प्रत्येक सराव फोनवर ध्वनिमुद्रित करावा, फाइलला तारीख आणि त्या क्षणी सुचेल ते नाव द्यावे आणि आठवड्यातून एकदा सर्वांनी मिळून, वाद्ये हातात न घेता, ते ऐकावे. पुष्कळदा ज्या चार मिनिटांत आपण ‘नुसतेच वाजवत होतो’, तिथे पुढची रचना दडलेली असते. त्या चार मिनिटांवर कोणा एकाची मालकी नसते, म्हणून ती सर्वांना प्रिय होतात.

७

तिसरा भाग ध्वनिमुद्रणाचा. इथे पहिला निर्णय घ्यायचा तो असा : सर्वांनी एका खोलीत एकत्र वाजवायचे की एकेक वाद्य वेगळे घ्यायचे? एकत्र वाजवले तर गिटारचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये उतरतो, ड्रमचा गिटारच्या माइकमध्ये. मग एकाची चूक त्याच्यापुरती दुरुस्त करता येत नाही. टेक ठेवायचा की टाकायचा, हे सर्वांनी मिळून ठरवावे लागते. जपानच्या मोनो बँडने आपल्या अनेक अल्बमसाठी शिकागोला स्टीव्ह अल्बिनींकडे जाऊन हीच वाट धरली. अल्बिनी विक्रीवर हिस्सा न घेता ठरावीक मेहनताना घेत, आणि खोलीत जे वाजले ते इमानाने टेपवर उतरवणे हे आपले काम मानत. दुसऱ्या टोकाला टॉर्टॉइजचा ‘टीएनटी’ (१९९८) : संगणकाच्या हार्ड डिस्कवर थर रचत, कापत, जोडत तयार झालेला. दोन्ही वाटा या परंपरेच्याच आहेत. पहिल्या अल्बमसाठी मी मधली वाट सुचवतो. ड्रम, बेस आणि एक गिटार एकत्र घ्यावेत. बाकीचे थर मागाहून, सावकाश द्यावेत.

हातात साधने कमी असली तरी काही कामे काटेकोर करता येतात. ड्रमच्या वर दोन माइक लावायचे असतील तर एक दोरी घ्या. तिचे एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा आणि दुसरे टोक आधी एका, मग दुसऱ्या माइकपर्यंत न्या. दोन्ही अंतरे सारखी हवीत. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्यामुळे एक माइक १७ सेंटिमीटर लांब राहिला तर त्यात स्नेअरचा आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही माइक एकत्र ऐकले की १००० हर्ट्झच्या आसपासचा भाग एकमेकांना खोडू लागतो आणि स्नेअर पोकळ ऐकू येतो. नंतर मिक्सिंगमध्ये कितीही झटापट केली तरी हरवलेले भरीवपण पुरते परत येत नाही. दोरीने दोन मिनिटांत झालेले काम पुढचा आठवडा वाचवते.

आणखी एक सूचना खास या शैलीसाठी. लेव्हल ठरवताना रचनेचा सर्वांत मोठ्या आवाजाचा भाग आधी वाजवावा आणि तिथे माइक क्लिप होणार नाहीत एवढी मोकळीक ठेवावी. २४ बिटमध्ये ध्वनिमुद्रण केले तर शांत भाग खाली राहिला म्हणून काही बिघडत नाही. मास्टरिंगलाही हाच नियम. सगळे दाबून सारखे मोठे करण्याचा मोह टाळावा. स्ट्रीमिंग सेवा आता प्रत्येक गाण्याची सरासरी पातळी सारखी करून ऐकवतात, स्पॉटिफायचा संदर्भ उणे १४ लफ्सचा आहे (लफ्स हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप). त्यामुळे अट्टहासाने मोठा केलेला अल्बम तिथे खालीच आणला जातो आणि हाती काहीच लागत नाही. शांत आणि मोठ्या भागातले अंतर हीच या संगीताची संपत्ती आहे. ती आपल्या हाताने उधळू नये.

अल्बमची लांबी आणि क्रम यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. विनाइलच्या एका बाजूला साधारण २० ते २२ मिनिटे आवाज चांगला राहतो. गॉडस्पीडच्या २००० सालच्या दुहेरी अल्बममध्ये चार बाजू आणि चारच रचना आहेत. माध्यमाची मर्यादा रचनेचा आराखडा कशी होते, हे त्यात दिसते. तुम्ही विनाइल काढणार नसलात तरी आपला अल्बम दोन बाजूंत विभागून पाहावा; कुठे थांबायचे हे लवकर कळते.

८

मैत्री टिकवायची असेल तर पैशाचे आणि हक्कांचे बोलणे आधी करावे. आपल्याकडच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात रचना आणि तिचे ध्वनिमुद्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रचनेचा कर्ता म्हणजे ती करणारा संगीतकार. त्याने ती स्वरलिपीत लिहिली असो वा नसो. खोलीत एकत्र वाजवून घडणाऱ्या संगीताला हा मोठाच आधार आहे. ध्वनिमुद्रणाचा कर्ता मात्र कायद्याच्या दृष्टीने त्याचा निर्माता, म्हणजे त्यासाठी पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. रचनेवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. सहकर्ते असतील तर शेवटच्या हयात कर्त्याच्या मृत्यूपासून ही मुदत मोजतात. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षे. म्हणजे विशीतल्या मित्रांनी एका संध्याकाळी घेतलेला निर्णय त्यांच्या नातवंडांपर्यंत पोचू शकतो. रचना सर्वांच्या नावे समान, खर्च कोणी किती केला याची वही, आणि कोणी बँड सोडला तर त्याच्या वाट्याचे काय, या तीन गोष्टी एका पानावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. असा कागद करताना अवघडल्यासारखे होते, पण अविश्वासाशी त्याचा संबंध नाही. पुढचे अनेक कडू प्रसंग तो टाळतो.

९

या क्षेत्रावर घेतले जाणारे आक्षेप पुस्तकाने टाळलेले नाहीत. शांत सुरुवात, सावकाश चढ, शेवटी स्फोट, हा साचा झाला आहे, असे म्हणतात. पुढे आलेल्या पुष्कळ अल्बमांबाबत ते खरे आहे. साचा मोडायचा तर सगळ्यात आधी चढाचे कारण शोधावे लागते : हा आवाज आता वाढतो आहे तो कशामुळे? खोलीत कोणी कोणाला काय उत्तर दिले? उत्तर सापडत नसेल तर तो चढ केवळ सवयीने आलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. या इतिहासात पुरुषांचीच नावे पुढे येतात. मोनोची बेसवादक तामाकी, गॉडस्पीडची व्हायोलिनवादक सोफी ट्रुडो, लुईव्हिलच्या रेचल्स या समूहाची पियानोवादक रेचल ग्राइम्स, ब्रायटनच्या इलेक्ट्रलेनमधल्या चौघीजणी, ही नावे तळटिपेत ठेवण्याजोगी नाहीत. मैत्री ही कामाची पद्धत आहे असे म्हटले की मित्रवर्तुळात कोणाला जागा मिळते, हा प्रश्न टाळता येत नाही. तळघर कोणाच्या घरी असते, रात्री उशिरापर्यंत सरावाला कोण थांबू शकते, पगाराशिवाय संध्याकाळ कोणाला देता येते, यावर संगीताचा इतिहास घडत असतो. जॅक चूटर यांचे २०१५ चे आणि जनेट लीच यांचे २०१७ चे पुस्तक, या दोन ग्रंथांनी या शैलीचा पहिला सविस्तर इतिहास इंग्रजीत उभा केला. पुढचे काम भारतातल्या अशा खोल्यांचे आहे, आणि ते अजून व्हायचे आहे.

१०

पुस्तक कसे वाचावे याविषयी दोन शब्द. वादकांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. पण पहिला टेक घेण्याआधी टॉक टॉक आणि स्लिंट यांवरची प्रकरणे जरूर वाचावीत, कारण थांबण्याचे धाडस तिथे शिकायला मिळते. अभ्यासकांनी निदान एकदा तरी एखाद्या बँडच्या सरावाला, काहीही न बोलता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसावे. एकाच चार कॉर्डवर तास कसा जातो आणि त्या तासात कोणाच्या एका नजरेने सगळे कसे बदलते, हे पाहिल्याशिवाय या संगीतावर लिहिलेले पोकळ राहते. आणि ज्यांना केवळ ऐकायचे आहे, त्यांनी प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला सुचवलेला अल्बम मधे न थांबता, एका बैठकीत ऐकावा.

या क्षेत्रात उशिरा आलो, आता सगळे होऊन गेले, असे कोणी मानू नये. मोग्वाय १९९५ मध्ये सुरू झाला आणि त्यांचा अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला २०२१ च्या फेब्रुवारीत. महासाथीमुळे त्यांचा निर्माता अमेरिकेतून आणि बँड इंग्लंडमधल्या स्टुडिओतून काम करीत होता. पाव शतक एकत्र वाजवलेल्या या माणसांना आणि समुद्रापलीकडच्या निर्मात्याला तरीही एकमेकांना ऐकता आले.

शेवटी एक विनंती. तुम्ही अल्बम करायला घ्याल तेव्हा त्याची नोंदही ठेवा : कोणत्या खोलीत, कोण कुठे बसले, कोणता टेक का ठेवला, कशावरून वाद झाला आणि तो कसा मिटला, किती पैसे लागले. स्लिंटच्या तळघरात काय घडले हे जगाला कळायला वीसेक वर्षे जावी लागली, आणि तेही कोणीतरी जाऊन चिकाटीने विचारले म्हणून. मुंबईच्या, पुण्याच्या, नाशिकच्या, पणजीच्या खोल्यांत आज जे घडते आहे, त्याची मराठीतली पहिली नोंद तुमच्या हातून होऊ शकते. या पुस्तकाची पुढची आवृत्ती अशा नोंदींवर उभी राहावी, अशी माझी इच्छा आहे. तेव्हा मित्रांना बोलवा, वाद्ये जुळवा, फोनवर ध्वनिमुद्रण सुरू करा आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख घाला.